मंजूदेवी हरली, हळहळ मात्र प्रधानजींची

'पंचायत' या हिंदी मालिकेचा चौथा भाग, आजच्या बोलीत चौथा सीझन, २४ जून २०२५ ला ॲमेझॉन प्राइमवर आला. आठवड्याभरात आमच्या सोनाळ्यात त्यावरची मतं ऐकू यायला लागली. चहाच्या टपरीवर, झेरॉक्सच्या दुकानात, वरवट बकालकडे जाणाऱ्या काळीपिवळीत. "पहिल्यासारखी मजा नाई राहिली." "नुसतं राजकारण घुसवलं." "सचिवजी आन् रिंकीचं काही पुढंच सरकत नाई." आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं मत होतं, "काही म्हना, प्रधानजीले हरवाले नाई पायजे होतं."

प्रधानजी हरले? निवडणूक त्यांनी लढवलीच नव्हती. लढवली मंजूदेवीने. मतपत्रिकेवर नाव तिचं, दुधीभोपळा ही निशाणी तिची, पराभवही तिचाच. तिला हरवलं क्रांतीदेवीने, जिची निशाणी प्रेशर कुकर. एक बाई हरली, दुसरी बाई जिंकली आणि अख्खा गाव हळहळला तो एका पुरुषासाठी. या हळहळीत मला आपल्या गावगाड्याचं जितकं दर्शन झालं तितकं मालिकेच्या चारही सीझनमध्ये मिळून झालं नाही. म्हणून हा लेख.

ज्या मैत्रिणींनी मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उत्तर प्रदेशात फुलेरा नावाचं एक कल्पित गाव आहे. (चित्रण झालं मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात.) प्रधानपद, म्हणजे आपल्याकडचं सरपंचपद, स्त्रीसाठी राखीव झालं म्हणून ब्रिजभूषण दुबे यांनी बायकोला, मंजूदेवीला, उभं करून निवडून आणलं. कारभार ते स्वतः करतात. गाव त्यांनाच 'प्रधानजी' म्हणतं, मंजूदेवी म्हणजे प्रधानजींची बायको. गावात अभिषेक त्रिपाठी नावाचा शहरी तरुण पंचायत सचिव म्हणून येतो आणि त्याच्या नजरेतून आपण गाव पाहतो. पहिला सीझन एप्रिल २०२० मध्ये आला, टाळेबंदीत. मग २०२२, २०२४ आणि २०२५. दुसऱ्या सीझनला २०२३ साली गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात वेब मालिकेचं पारितोषिक मिळालं, आणि जुलै २०२५ मध्ये पाचव्याची घोषणाही झाली. रघुवीर यादव आणि नीना गुप्ता यांचं काम इतकं सुरेख आहे की त्याबद्दल तक्रार करायला मन धजत नाही. माझी तक्रार त्यांच्याशी नाहीच, पाहणाऱ्यांशी आहे.

पुरुष पाहणाऱ्यांशी आहे, हे आधीच स्पष्ट करते. कारण 'प्रेक्षकांना नवा सीझन आवडला नाही' असं जेव्हा छापून येतं, तेव्हा हे प्रेक्षक कोण असा प्रश्न कुणी विचारत नाही. ही मालिका दूरदर्शनवर लागत नाही. ती पाहायला हातात मोबाइल लागतो, त्यात डेटा लागतो, कुणाचा तरी पासवर्ड लागतो आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्धा तास लागतो, जो आपला असेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५३.९ टक्के बायकांनी सांगितलं की स्वतः वापरतो असा मोबाइल आपल्याकडे आहे. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बायका ३३.३ टक्के, पुरुष ५७.१ टक्के. म्हणजे दर तीन बायकांपैकी दोघींनी इंटरनेटला हातही लावलेला नव्हता. त्यानंतर फोन वाढले असतील, नक्कीच वाढलेत. पण घरात फोन असणं आणि तो बाईच्या हातात असणं यांत किती अंतर आहे ते वस्तीत काम करणाऱ्या कुठल्याही कार्यकर्तीला विचारा. आमच्या गटातली एक बाई म्हणाली, "मोबाइल त्यायच्याजवळ रायते. रात्री आनला तं पोट्टं खेयते त्याच्यावर. माह्या हाती येते तवा चार्जिंग सरलेली असते."

तर हे जे 'प्रेक्षकांचं मत' आहे ते ज्यांच्या हाती चार्ज झालेला फोन आहे त्यांचं मत आहे.

(याच्या उलट गंमत पाहा. २९ जुलै २०२५ पासून 'क्योंकि सास भी कभी बहू थी' नव्याने सुरू झाली. टीव्हीवरही आणि मोबाइलवरही. तिच्याबद्दल बायकांनी दोन शब्द बोलले की लगेच 'सासू-सुनांच्या मालिका, दुसरं काय पाहणार तुम्ही' असं हिणवलं जातं. घरातल्या कारस्थानांवर बायका बोलल्या तर तो रिकामटेकडेपणा आणि फुलेऱ्यातल्या दोन आळ्यांच्या भांडणावर पुरुष पाच वर्षं बोलले तर ती समीक्षा!)

आता मूळ मुद्द्यावर येते. प्रधानजी प्रेक्षकांना इतके का आवडतात? कारण ते वाईट नाहीत. बायकोला मारत नाहीत, दारू पिऊन गोंधळ घालत नाहीत, मुलीवर माया करतात, मित्रासाठी जीव टाकतात. बायको टोचून बोलली की मान खाली घालतात. अशा माणसाने बायकोची खुर्ची घेतली तर तिला चोरी कशी म्हणायची? आपण हसतो. इथेच फसतो. घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून पंचायतीतल्या किमान एकतृतीयांश जागा बायकांना दिल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. आज देशात चौदा लाखांहून जास्त बायका निवडून आलेल्या आहेत. या हक्काची जर घराघरांतून गुपचूप, प्रेमाने, हसत-खेळत पळवापळवी होत असेल तर ती करणारा माणूस गोड आहे की कडू याने काय फरक पडतो? गोड असेल तर चोरी पकडायला उलट जास्त वर्षं लागतात. आपल्याकडे त्याला 'सरपंचपती' म्हणतात आणि गंमतीने 'एस. पी.'! पोलीस अधीक्षकाच्या तोऱ्यात तो पंचायत समितीच्या आवारात गाडी लावतो आणि कर्मचारी उठून नमस्कार करतात. ही उपाधी कुठल्या कायद्यात लिहिली आहे ते मला कुणी दाखवावं.

२०२५ च्या पावसाळ्यात निंदणाची कामं जरा कमी असलेल्या एका दुपारी आमच्या बचतगटाच्या अकरा जणींनी 'पंचायत' पाहिली. एकीच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीचा फोन होता, तो पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. दोनच भाग पाहिले. पहिल्या सीझनचा शेवटचा, ज्यात २६ जानेवारीला झेंडा कुणी फडकवायचा हा प्रश्न आहे, आणि चौथ्या सीझनमधली मतमोजणी. हिंदी सगळ्यांना कळत होतं. पण त्या हसल्या ते वेगळ्याच ठिकाणी. पुरुष जिथे खदखदून हसतात, म्हणजे मंजूदेवीला राष्ट्रगीत पाठ होत नाही आणि सचिव घरी येऊन शिकवतो, तिथे खोलीत चिडीचूप शांतता होती. एकीने नुसतं म्हटलं, "मले बी पुरं येत नाई." मंजूदेवी झेंड्यापुढे उभी राहून अडखळत, थांबत जन गण मन म्हणते तेव्हा दोघी-तिघींचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. झेंडा हा विनोदाचा विषय वाटावा इतकी सोय सगळ्यांना नसते. तामिळनाडूत तिरुवळ्ळूर जिल्ह्यातल्या आतुपाक्कम गावच्या दलित महिला पंचायत अध्यक्षांना १५ ऑगस्ट २०२० ला झेंडा फडकवू दिला गेला नाही. बोभाटा झाला, मग काही दिवसांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत त्यांनी तो फडकवला. फुलेऱ्यात अडचण पाठांतराची होती, आतुपाक्कमला जातीची.

जातीचं नाव निघालंच आहे तर हेही बोलून टाकते. दुबे, त्रिपाठी, शुक्ला, पांडे. फुलेऱ्याच्या पंचायत कार्यालयात ज्यांच्या गप्पा आपण चार सीझन ऐकल्या त्यांची ही आडनावं. इतकी एका रंगाची पंचायत आमच्या सातपुड्याच्या पायथ्याशी सापडणं कठीण. इथे आदिवासी गावं आहेत, बौद्ध वस्त्या आहेत आणि राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईच्या डोक्यावर एक नव्हे, दोन-दोन सरपंचपती असतात. घरातला नवरा एक आणि गावातला मोठा शेतकरी दुसरा, ज्याच्या शेतात ती मजुरीला जाते. ज्याच्या हातून संध्याकाळी रोज घ्यायचा त्याला सकाळी ग्रामसभेत 'थांबा, बसा' म्हणायचं, हे प्रकरण विनोदी मालिकेच्या अर्ध्या तासात बसणारं नाही, हे मान्य.

त्या दुपारी एका जवळच्या गावच्या माजी सरपंचही बसल्या होत्या. पाच वर्षं पदावर होत्या. मालिका संपल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तिचा नवरा तरी हसमुख हाय. आमच्याकडं तं सही कराले पेनबी तेच आनत, अन् झाली का टोपन लावून परत घेऊन जात." सगळ्या हसल्या. त्याही हसल्या. पुढे जे सांगितलं त्यावर मात्र कुणी हसलं नाही. ठराव-पुस्तक घरी यायचं. चुलीपाशी बसून त्यांनी सह्या केल्या. कशावर केल्या ते त्यांना वाचता येत होतं, सातवी शिकलेल्या आहेत, पण वाचत बसलं की "तुला काय कळतं त्यातलं" असं ऐकावं लागे. पद गेल्यावर एका कामाच्या बिलाची चौकशी निघाली तेव्हा नोटीस कुणाच्या नावाने आली? सही करणारीच्या. पेन ज्याचं होतं त्याच्या नव्हे. कचेरीत खेपा त्यांनी मारल्या. नवरा म्हणाला, "सही तुही हाय, तू निस्तर."

प्रधानजींच्या विनोदाची ही दुसरी बाजू आहे आणि ती कुठल्याच सीझनमध्ये आलेली नाही. सत्ता त्याची, जबाबदारी तिची. मला वाटतं, महिला मंडळांच्या शिबिरांत सरपंच प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी बाकी काही न सांगता एवढं सांगावं की बाई, तुझी सही ही तुझी मान आहे, कुणाच्या हाती देतेस ते पाहा.

क्रांतीदेवीवर मला जरा जास्त बोलायचं आहे. कारण प्रेक्षकांच्या रागाची खरी धनीण ती आहे. सुनीता राजवार यांनी ती उभी केली आहे, ठसक्यात. भांडखोर, टोमणे मारणारी, दुसऱ्याच्या उणिवेवर नजर ठेवून असलेली. तिच्याबद्दल आमच्या टपरीवर जे शब्द ऐकले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. माझा प्रश्न असा आहे की भांडखोर तर तिचा नवरा भूषणही आहे. कारस्थानी तर तो जास्तच आहे. पण त्याच्या 'देख रहा है बिनोद' वर पोरं टाळ्या देतात, त्याचे व्हिडिओ एकमेकांना पाठवतात. एकच स्वभाव नवऱ्यात करमणूक होतो आणि बायकोत अवगुण, हे कसं?

कसं ते सांगते. मंजूदेवीला प्रधान व्हायचं नव्हतं. तिला केलं. म्हणून ती चांगली बाई. पद मिळालं तरी चूल सोडली नाही, मुलीच्या लग्नाची काळजी सोडली नाही, शिकली तीही जरा ओढून-ताणून, दुसऱ्याने शिकवलं म्हणून. क्रांतीदेवीला मात्र पद हवं आहे. ते ती लपवत नाही. दारोदार मागते, त्यासाठी भांडते आणि मिळवते. आपल्या समाजाला सत्तेवर बसलेली बाई एक वेळ चालते, सत्ता मागणारी बाई चालत नाही. 'चढेल आहे', 'पुढारपण करते', 'घर सोडून गाव सांभाळते'. हे शब्द मालिकेत कुणी म्हणत असो वा नसो, आपल्यापैकी प्रत्येकीने ते आपल्याबद्दल ऐकलेले आहेत. ग्रामपंचायतीचं आरक्षण जाहीर झालं की गावात काय बोलतात? 'जागा बाईसाठी सुटली.' सुटली! जशी काही पुरुषाच्या हातून निसटली. आणि मग पारावर ठरतं, कुणाची बायको उभी करायची. कुठली बाई उभी राहणार, हा प्रश्नच नसतो. त्यात एखादी स्वतःहून 'मी उभी राहते' म्हणाली तर ती त्या गावची क्रांतीदेवी होते.

आमच्या दुपारच्या बैठकीत यावर दोन तट पडले. एक म्हणाली, "भांडखोर हाय ते, पन तिले पायजे तं हाय. मागाची लाज नाई तिले." दुसरी म्हणाली, "मागतलं तं का झालं? लाडू मागतला का?" तिसरीने, जिचं नाव यंदा आमच्या वस्तीत चर्चेत आहे, काहीच मत दिलं नाही. नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, फॉर्मला जातीचा दाखला सोडून आणखी कोणकोणते कागद लागतात. नवीन सीझनवरचं याहून नेमकं मत मी वाचलेलं नाही.

आता एक आक्षेप येईल, आपल्याच मैत्रिणींकडून. पुण्या-मुंबईतल्या काही जणी म्हणतात की उगाच टीका करू नका, 'पंचायत'ने तर प्रधानपतीचा प्रश्न घराघरांत नेला. शिवाय मंजूदेवी सीझनगणिक वाढत गेली आहे. पहिल्यात ती घरात होती, चौथ्यात स्वतः प्रचाराला फिरते. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण ती वाढली कशी ते पाहा. तिला वाढवलं सचिवाने, बाहेरून आलेल्या एका शिकलेल्या पुरुषाने. चार सीझनमध्ये फुलेऱ्यात लक्षात राहील अशी एक अंगणवाडीताई नाही, आशाताई नाही, बचतगटाची बैठक नाही, बायकांची सभा नाही. बायका एकमेकींना भेटतात त्या भाजी निवडताना, नाहीतर वैर धरायला. माझ्या आठ-नऊ वर्षांच्या कामात एकही बाई ग्रामसेवकाने शिकवली म्हणून सरपंच झालेली मी पाहिली नाही. त्या शिकल्या त्या गटाच्या हिशोबाच्या वहीत, बँकेच्या रांगेत, रेशनच्या भांडणात, दारूबंदीच्या मोर्चात. एकमेकींच्या आधाराने. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायचा नियम आहे. ती सभा किती ठिकाणी नुसती कागदावर होते हे आपल्याला ठाऊक आहे. पण जिथे खरी होते तिथे पाण्याचा विषय आधी निघतो आणि सभागृहाच्या रंगाचा नंतर. आमच्या खारपाण पट्ट्यात, जिथे विहिरीचं पाणी पिऊन लोकांच्या किडन्या निकामी झाल्या, तिथे पाण्याचा विषय आधी निघणं ही काही साधी गोष्ट नाही.

आणि बाईला बायकांनी निवडून आणण्याचा इतिहास आपल्याला फुलेऱ्याकडून उसना घ्यायची गरज नाही. ७३ वी दुरुस्ती व्हायच्या आधी, १९८९ च्या निवडणुकीत, शेतकरी महिला आघाडीच्या बळावर आमच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात विटनेर गावी सगळ्या बायकांची पंचायत निवडून आली होती. आरक्षण नव्हतं, सरपंचपतीची सोय नव्हती. त्याच गावात पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात पुरुषांनी बायकांच्या नावे जमिनी करून दिल्या. यावर कुणी मालिका काढली नाही. काढली तरी तिचा दुसरा सीझन निघणार नाही, कारण त्यात हसण्यासारखा नवरा कुठून आणणार?

त्याच जळगाव जिल्ह्यातली दुसरी गोष्ट मात्र अगदी अलीकडची आहे आणि ती प्रत्येक कार्यकर्तीने तोंडपाठ करावी. विचखेडा गावच्या सरपंच मनीषा रवींद्र पानपाटील. निवडून आल्या आणि गावातल्या काहींनी तक्रार केली की त्या सरकारी जागेवरच्या घरात सासूबरोबर राहतात, म्हणून त्यांना अपात्र ठरवा. त्यांचं म्हणणं होतं की आपण नवरा-मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी ते उचलून धरलं, उच्च न्यायालयातही दाद लागली नाही. थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं तेव्हा, सप्टेंबर २०२४ मध्ये, त्यांचं पद शाबूत राहिलं. न्यायालयाने स्पष्ट नोंदवलं की एक बाई सरपंच झाली आणि तिचे हुकूम मानावे लागतील, हे गावकऱ्यांच्या पचनी पडलेलं नाही आणि अधिकाऱ्यांनीही प्रकरण हलक्या हाताने निकालात काढलं. विचार करा. बाई कारभार करत नाही म्हणून कुणी तिच्या विरोधात दिल्लीपर्यंत गेलेलं मला माहीत नाही. बाई कारभार करते म्हणून मात्र तिला दिल्लीपर्यंत पळवलं.

सरकारला या प्रश्नाची जाग नाही असं म्हणता येणार नाही. २०२३ मध्ये प्रधानपतींविरुद्धची एक याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने पंचायतराज मंत्रालयाकडे जायला सांगितलं, मंत्रालयाने समिती नेमली. समितीच्या अहवालात अशा नवऱ्यांना जरब बसेल अशा शिक्षेची शिफारस आली. आणि मार्च २०२५ मध्ये मंत्रालयाने काय केलं? 'पंचायत' बनवणाऱ्या टीव्हीएफ कंपनीबरोबरच नीना गुप्तांना घेऊन 'असली प्रधान कौन?' नावाचा लघुपट काढला आणि दिल्लीत विज्ञान भवनात दाखवला. काढला ते चांगलंच केलं. पण ज्या बाईचं पेन नवऱ्याच्या खिशात आहे तिला विज्ञान भवनातून संदेश देण्यापेक्षा तिच्या पंचायतीत ठरावाच्या वेळी ती स्वतः खुर्चीवर हजर होती की नाही हे तपासणं स्वस्त पडलं असतं. आणि शिक्षेबद्दल म्हणाल तर माझी भीती वेगळीच आहे. शिक्षा होणार कुणाला? नवरा काही पंचायतीचा सदस्य नाही, त्याचं काय काढून घेणार? शेवटी 'कारभार नवऱ्याला करू दिला' म्हणून पद तिचंच जाईल. दोन अपत्यांच्या नियमात आपण हे पाहिलेलं आहे. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की पद जातं. मूल हवं की नको याचा निर्णय ज्या घरात बाईच्या हाती नसतो, त्या घरात शिक्षा बाईच्या पदाला. कायद्याची काठी उगारली की ती नेहमी जवळ उभ्या असलेल्या बाईलाच लागते, असा आपला अनुभव आहे. म्हणून शिक्षेची मागणी करताना ती कुणाच्या नावे लिहिली जाते हे आपण डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं.

कुणी म्हणेल, करमणुकीच्या गोष्टीवर इतकं कशाला बोलायचं? या प्रश्नाचं उत्तर आमच्या जिल्ह्यात एकशे चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी देऊन झालेलं आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं ते सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला झालेल्या शिक्षेवरून आणि त्यावर वर्तमानपत्रातून बायकांच्या नावाने जी आगपाखड चालली होती तिच्यावरून. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या काळी लोक जी नाटकं पाहत आणि ज्या कादंबऱ्या वाचत, त्यांत बायका कशा रंगवल्या आहेत याचाही त्यांनी खरपूस समाचार घेतला. बाई गोष्टीत कशी दिसते यावर ती घरात आणि कचेरीत कशी वागवली जाते हे ठरतं, हे त्यांना कुठल्या विद्यापीठात जाऊन शिकावं लागलं नाही. मला समाजकार्याच्या एम.ए.ला दोन वर्षं घालवूनही कुणी त्यांचं नाव सांगितलं नाही, ते मी नोकरीला बुलढाणा जिल्ह्यात आल्यावर ऐकलं. त्यांच्या पुस्तकावर त्यांच्या काळात पुरुषांनी झोड उठवली, मग ते विस्मृतीत गेलं, १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं. मधल्या नव्वद वर्षांत प्रेक्षकांची मतं कुणाची छापली गेली, ते सांगायला नको.

पाचवा सीझन निघाला की पुन्हा मतांचा धुरळा उडेल. प्रधानजी परत येणार का, सचिवजीचं लग्न होणार का. क्रांतीदेवीने प्रधान म्हणून पहिली सही कशावर केली आणि पेन कुणाचं होतं, हे कुणी विचारेल असं मला वाटत नाही. तर ते आपण विचारू या. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटाने एका दुपारी जमून यातले दोन भाग पाहावेत. गावात आजी-माजी महिला सरपंच असेल तर तिला बोलवावं, तिच्या नवऱ्याला नाही. पाहून झाल्यावर कोण कुठे हसलं आणि कुठे गप्प बसलं ते एकीने लिहून काढावं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, दुसरीने उतरवावं, ज्या बोलीत सांगितलं त्याच बोलीत. ती मतं या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. आणि सोबत हेही लिहा की त्या दुपारी फोन कुणाचा होता, मागितल्यावर कुणी दिला आणि कुणी दिला नाही.